मिनिटाला छत्तीस फेरे

१७ नोव्हेंबर, रविवार

प्रिय टिटवी,

अनेक आशीर्वाद. या नावाने हाक मारायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही, पण दुसरं नाव हाताला वळत नाही. माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात. दात नवे बसवलेत, ते माझ्याआधी हसतात. तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांत तुझ्याकडून आलेल्या पहिल्याच दोन ओळी: ‘दादा म्हणाला, तुम्ही नवं टर्नटेबल घेतलंत. एवढ्याने आवाजात खरंच फरक पडतो का?’

दादाने म्हातारचळ हा शब्द वापरला असेलच. माझ्या तोंडावरही वापरला. असो. तू सरळ विचारलंस, मीही सरळ सांगतो.

फरक पडतो. जुन्या यंत्राची घरघर आपण गाण्याचाच भाग धरून चाललो होतो, ती गेली. तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. तान संपल्यावर गाणाऱ्या बाई श्वास घेतात, तोही. शेजारचे मास्तर मात्र अर्धा तास ऐकून म्हणाले, “मला तर सारखंच वाटतंय बुवा. नुसती सुई बदलली असतीत तरी भागलं असतं.” त्यांचंही खरं असेल.

मग मी ती निळ्या कव्हरची रेकॉर्ड लावली. तू जिच्यावरून शिकलीस ती. बाईंचा आवाज खाली आला होता. ऐसपैस, कसलीही घाई नसलेला. मला वाटलं, नवं यंत्रच बिघडलेलं गळ्यात मारलं. दुकानातला माणूस बोलावला. त्याने तपासलं आणि म्हणाला, “काका, हे बरोबर आहे. तुमचं जुनंच जोरात पळत असणार.”

आठवतं, तू म्हणाली होतीस, “बाबा, पेटी आणि रेकॉर्ड जुळत नाहीत”? मी पेटीवाल्याला बोलावून पेटीचे सूर घासून घेतले, रेकॉर्डला जुळतील असे. आज ती पेटी नव्या यंत्राशी जुळत नाही. तू ज्या सुरावर रोज अडायचीस, तो सूर बाईंनी त्या गाण्यात लावलेलाच नाही. त्या चांगल्या पट्टीभर खाली गात होत्या. अकरा वर्षांची तू, शाळेतून आल्यावर रोज दीड तास त्यांच्याही वर चढत होतीस. “नाही जात एवढ्या वर, बाबा,” म्हणायचीस. मी विचारायचो, “जात नाही, की जायचं नाही?”

पुढे एक दिवस वर्गात हजेरीला तुझ्या तोंडून नुसती हवा आली. गळ्यातल्या गाठी, दोन ऑपरेशनं, सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अजून फोनवर लोक तुला ‘हो साहेब’ म्हणतात, असं दादाने सांगितलं. घर सोडताना तू म्हणालीस, “माझ्यात आवाजच नव्हता, बाबा. तुमचे कष्ट वाया घालवले. माफ करा.” मी “ठीक आहे” म्हणालो.

इथवर लिहून पत्र दोन दिवस टेबलावर पडलं होतं. वाचणाऱ्याला वाटेल, यंत्र खोटं निघालं, म्हाताऱ्याला बिचाऱ्याला काय कल्पना. तसं वाटावं म्हणूनच तसं लिहिलं होतं.

तीस वर्षं मी दुकानांची वजनमापं तपासली. काटा खोटा निघाला, की समोरचा हातापाया पडला तरी काटा जप्त. अशा माणसाला घरातलं यंत्र पळतंय हे कळलं नसेल?

पेटी घासून आली त्याच आठवड्यात मला शंका आली. तू मैत्रिणीकडे गेली होतीस. रेकॉर्डच्या लेबलवर कागदाचा कपटा चिकटवला, ऑफिसचं स्टॉपवॉच घेतलं आणि फेरे मोजले. मिनिटाला तेहतीस व्हायला हवेत, छत्तीस भरले. यंत्राच्या मागे वेगाचा स्क्रू होता. अर्धा वळसा फिरवला, वेग बरोबर आला. पण गाणं मला पडेल वाटलं. शिवाय सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलो होतो, आमची पोर बाईंच्या पट्टीत गाते. पेटीही घासून झाली होती. आणि त्या घरात चुका तुम्ही करायच्या, मी नाही, अशी रीतच मी पाडली होती. जिन्यात तुझी चाहूल लागली तसा स्क्रू होता तिथे आणला आणि म्हणालो, “चल, बस रियाजाला.”

त्यानंतर तू आठ महिने गायलीस.

तो कपटा त्याच कव्हरमध्ये राहिला होता. सोबत पाठवतो आहे. पेन्सिलीने ३६ लिहिलंय, खाली तारीख आहे, अक्षर माझं आहे. पत्र दादालाही वाचायला दे, माझ्याच्याने त्याला सांगवत नाही. मी माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. तू मागितलेली माफी मात्र परत करतो आहे. ती घेताना मला सगळं ठाऊक होतं. तुझा गळा चांगला होता, टिटवी.

ज्याला तेव्हाही नीट ऐकू येत होतं तो,
तुझा बाबा