अमेरिकेले धक्का

९ मार्च, रविवार

लागली! एका सेल्फात लागली! किल्ली फिरवली अन् लगेच धरलं. तीन वर्षं ह्या पत्र्याशी डोकं फोडलं मी. बाबांची मोठी अमेरिकन गाडी — अख्खं देऊळघाट तिले 'अमेरिका'च म्हणते — वरून तीच. समोरचं क्रोम, मागचे पंख, सगळं जसंच्या तसं. पोटात मात्र आजचं इंजिन! पाच गिअर, चारही चाकांले डिस्क ब्रेक, पॉवर स्टेअरिंग. बुलढाण्याचे मेकॅनिक म्हणत होते, होणार नाही. झालं!

अन् रुख्मिणीचा भाऊ रामराव आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, अन् तोंडातून पहिलं वाक्य काय? "भाऊजी, मंग आता धक्क्याचं कसं?"

धक्क्याचं!

बाबांच्या काळातच हिचा सेल्फ गेला. बाबांनी कंटाळा केला, दुरुस्त केलाच नाही. गावातल्या पोरी सासरी जायच्या त्या ह्याच गाडीत. मग भाऊ, मामा, काका, बाप — सगळे ढकलत ढकलत वेशीपर्यंत न्यायचे, तिथल्या उतारावर इंजिन धरायचं. झालं! म्हणे माहेरच्या हातांनी वेशीपर्यंत पोचवल्याबिगर पोरगी सुखी होत नाही. अरे, सेल्फ बिघडला होता! बिघाडाचं शास्त्र केलं ह्या लोकांनी!

१० मार्च

रुख्मिणीले सांगितलं. ती म्हणे, "दादा चुकीचं काय बोलला?" घ्या! घरातच फितुरी.

२३ मार्च

राजूर घाटात नेली. काय चढली! स्टेअरिंग एका बोटावर. लोक थांबून फोटो काढून राह्यले होते. छाती फुगवून गावात शिरलो तर अन्नपूर्णाबाई ओट्यावरून ओरडली, "शालिग्राम, तिचा आवाज कुठं गेला रे? माह्या पोरीच्या लग्नात कशी खोकत होती!"

खोकत होती म्हणून बरी होती! चांगलं ते ह्या गावाले पचतच नाही. आमची पोरगी दीपमाला मात्र संध्याकाळी येऊन गाडीवर हात फिरवून गेली. पोरीले माझ्या कामाची कदर आहे. तिचं लग्न मे महिन्यात. पिंपळगाव राजा ह्या गावचे पाहुणे. ती ह्याच गाडीत जाणार, अन् गाडी मी चालवणार, हे ठरलेलं.

१७ एप्रिल

डोकं ठणकून राह्यलं.

आज सरस्वतीबाईच्या सारिकाची बिदाई. नव्या इंजिनाची पहिलीच नवरी. सारिका बसली, रडारड झाली. मामा-काका बाह्या सावरून मागं उभे. मी म्हटलं, "बाजूले व्हा, गरज नाही." किल्ली फिरवली, क्लच सोडला अन् निघालो. आरशात पाहिलं तर सगळे हात पुढं करून तसेच उभे! सरस्वतीबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागं धावत होती. वेशीच्या पुढं गेल्यावर कळलं, तिचं पोरीच्या तोंडावरून हात फिरवणं राहूनच गेलं होतं.

परत आलो तर सगळ्यांसमोर म्हणते, "पोरगी पोचवली का पळवली बे?"

मले! ज्याच्या गाडीले अख्ख्या जिल्ह्यात तोड नाही, त्याले! एक पेट्रोलचा थेंबही मागितला नाही मी कोणाले.

१९ एप्रिल

पानटपरीवर कोणी धड बोलत नाही. रामराव तर स्पष्टच म्हणाला, "दीपीच्या लग्नात गाडी बंद ठेवा. आम्ही ढकलतो."

बंद ठेवा! चालती गाडी बंद ठेवून ढकलायची! पिंपळगावचे पाहुणे काय म्हणतील? शालिग्रामनं तीन वर्षं घासून खटारा बनवला?

घरी येऊन सगळ्यांसमोर सांगून टाकलं — माझ्या पोरीच्या लग्नात गाडीले कोणाचा हात लागणार नाही. दीपमाला पोळ्या लाटत होती. म्हणे, "तुमचाबी नाही, बाबा?"

"माझा काऊन लागन? गाडी टकाटक आहे न!"

ती लाटतच राह्यली. तव्यावरची पोळी मात्र करपली.

२ मे

नवी बॅटरी टाकली. आता तर प्रश्नच नाही.

११ मे, रविवार

काय लिहू? नाक कापलं माझं.

दीपमाला मागच्या सीटवर बसली, शेजारी जावई प्रज्वल. मी ऐटीत किल्ली फिरवली. धरल्यासारखं केलं अन् मेलं. परत फिरवली. नुसतं घरघर, घरघर! बोनेट उघडलं, वायरी हलवल्या, काही नाही. घामानं फेटा भिजला. पाहुणे पाहून राह्यले, अन् गावचे लोक — त्यांच्या तोंडावर तर दिवाळी! रामराव ओरडला, "अमेरिकेले धक्का मारा बे!" हे एवढे जण धावले. प्रज्वल पुढं येऊन स्टेअरिंगवर बसला. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टेअरिंग दगडासारखं, बिचारा दोन्ही हातांनी ओढत होता.

मी बाजूले उभा. मग रुख्मिणी म्हणे, "आता तरी लावा हात." लावला. करणार काय?

मागच्या काचेतून दीपमाला माझ्याकडं पाहून राह्यली होती. सारखी माझ्याकडंच. एवढीशी होती तेव्हा अशीच मागं वळून पाहत शाळेत जायची. चौकातून पुढं मले रस्ता दिसतच नव्हता. रडलो. सगळ्या गावासमोर, नाक गळेपर्यंत रडलो. वेशीवर पोचलो तरी हात सुटत नव्हता, रामरावनं सोडवला.

अन् वेशीवर प्रज्वलनं किल्ली फिरवली तर एका सेल्फात लागली! हरामखोर गाडी! गेली भुर्रकन. मी रस्त्यात उभा.

१२ मे

जावयानं गाडी आणून दिली. म्हणे रस्त्यात एकदाही त्रास नाही. स्कॅनर लावला — दोष शून्य. सकाळपासून सुरू-बंद, सुरू-बंद करून राह्यलो. दर वेळी लागते. मग कालच काय झालं होतं तुले?

१४ मे

पेट्रोल फिल्टर बदलला. फ्यूज पाहिले, सगळे जागच्या जागी. पार्ट विकणाऱ्याले फोनवर शिव्या घातल्या. तो म्हणे, "काका, पार्टात काही नाही." म्हणजे माझ्या हातात खोट? कामच सोडून देतो मग!

अन् गाव एकदम गोड! सरस्वतीबाईनं कुरड्या पाठवल्या. "छान झाली हो बिदाई," म्हणे. माझ्या फजितीच्या कुरड्या! मी खाल्ल्या नाहीत.

१६ मे

दीपमाला माहेरपणाले आली. मी गाडीखाली पडून इंजिनाले पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाची वायर तपासत होतो. ती बाजूले उकिडवी बसली. म्हणे, "बाबा, उठा आता. पंपाचा फ्यूज मी काढला होता. मागच्या सीटखालचा. वेशीवर परत बसवला."

मी म्हटलं, "काऊन?"

"तुम्ही हात लावल्याबिगर मले जायचं नव्हतं."

बराच वेळ मी गाडीखालून निघालोच नाही.