आधी ‘समाप्त’

४ जानेवारी, सकाळी ७
वय चोपन्न. अ‍ॅनिमेशनच्या वर्गात सगळ्यात मोठा मी. सरसुद्धा काका म्हणतात. प्रोजेक्ट: कॉमिकसारखी हलती चित्रं, दहा सेकंद. मुदत सहा आठवडे. म्हणजे आठवड्याला पावणेदोन सेकंद. हसू आलं. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यात मी. माझं दुकान बंद केल्यापासून वर्षभर ब्रश धरला नाही, एवढंच. प्रोजेक्ट न दिल्यास वर्गातून नाव कमी. तो प्रश्नच येत नाही.
संकल्प: आधी प्रेरणा, मग रेघ.

८ जानेवारी
लाँड्रीतल्या बाकावर संशोधन. एक बाई कपडे धुवायच्या मशीनला म्हणत होती, नुसता गरगर फिरतोस, काम शून्य, घरी एक आहे तेवढा पुरे. लगेच टिपून घेतलं. कान तयार आहेत. चेहरे नंतर.

११ जानेवारी
बायकोने विचारलं, अहो, काही काढलंत का? म्हटलं, मुरतंय. म्हणाली, मुरायला आधी बरणीत काहीतरी घालावं लागतं.
हेही टिपलं.

१९ जानेवारी
पेन्सिल धरून अर्धा तास बसलो. हाताला काही वाटेना. आनंद नाही, भीती नाही, रेघही नाही. थंडीमुळे असणार. हातमोजे आणले. हातमोज्यात पेन्सिल धरता येत नाही. थंडी ओसरेपर्यंत संशोधनच बरं.

२ फेब्रुवारी
संशोधनाची तिसरी वही भरली. ड्रॉइंगचा कागद मांडीवर असतोच, वेळेवर धावपळ नको. वर्गातली चष्मिष हल्ली समोरच्या बाकावर येऊन बसते, धुवायचे कपडे न आणता. तीही प्रेरणा शोधतेय म्हणाली. मी अनुभवाचा सल्ला दिला: घाई करू नकोस, जरा बसायला शीक. तिने मान डोलावली आणि माझ्याकडे बघत बघत भराभर लिहून घेतलं. गुणी मुलगी.

९ फेब्रुवारी
सापडलं! मला पाट्या रंगवायला शिकवणारे उस्ताद सांगायचे, पाटीचं शेवटचं अक्षर आधी आखून ठेव, नाहीतर जागा संपते. फिल्मलाही तोच नियम. ‘समाप्त’पासून सुरुवात केली.

१३ फेब्रुवारी
‘समाप्त’ झालं. तीन रंग, डावीकडे सावली. बायको बराच वेळ बघत राहिली. हात अजून तसाच आहे हो, म्हणाली. मग विचारलं, पण संपलं काय?
तपशील.

१५ फेब्रुवारी, दुपारी
वर्गात मी ‘समाप्त’ दाखवलं. दहा सेकंद. हललं नाही. सरांनी विचारलं, काका, आधीचं? म्हटलं, संशोधन पूर्ण आहे.
मग चष्मिषची फिल्म. लाँड्रीच्या बाकावर एक माणूस, मांडीवर कोरा कागद. दर फ्रेमला त्याचे कान वाढतात. शेवटी पडदाभर कान, कागद कोराच. वर्ग खो-खो हसला. मीही. शेजारच्याला विचारलं, कोण रे हा? तो जमिनीकडे बघत बसला.
तेव्हा कळलं.
घरी आलो. काही वाटलं नाही. जेवलो.

१६ फेब्रुवारी
यादीतून नाव कमी झालं.
संध्याकाळी चष्मिष घरी आली. फिल्मला शेवट नाही म्हणाली, काका, तुमचं ‘समाप्त’ देता का? दिलं. दारात थांबून म्हणाली, दोन फ्रेम सुधारायच्यात, उद्या लाँड्रीत बसाल का? अगदी तसेच, काही न करता.
बसेन म्हटलं.