गाळणीत उरलं ते

४ मे

पोचले! नागपूरहून यवतमाळ, यवतमाळहून घाटंजी, आणि पुढे उत्तमसिंग राठोडांच्या जीपमध्ये, मांडीवर भलंमोठं कलिंगड घेऊन. आजोबा बोरी अरबहून निघून इंग्लंडात लेस्टरला गेले, नात लेस्टरहून इकडे आली. पासपोर्टप्रमाणे मी इथे परदेशी स्वयंसेवक. भाषा मात्र घरची. दर रविवारी बुद्धविहारात वडिलांनी माझ्याकडून भाषणं करवून घेत ती पक्की केली.

केंद्र म्हणजे जंगलाच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या, हातपंप आणि एक मोहाचं झाड. वाघ काय खातात याचा अभ्यास उत्तमसिंग इथे करतात. स्वयंपाकाला रुपीबाई. मी कशासाठी आले हे कळल्यावर तिचा हात पिठातच थांबला. "व माय! वाघाचं गू धुवाले इमानानं आल्या? तुमच्या गावात कुत्रे न्हाईत का?" मी इतकी हसले की कलिंगडाची बी नाकात गेली.

हसण्याचं काम नाही, तरीही. मागच्या आठवड्यात मथुराबाई नावाची बाई तेंदूपत्ता तोडायला गेली ती परतली नाही. एक चप्पल सापडली. गाव म्हणतं वाघिणीनं खाल्ली, तिला गोळी घाला. वाघिणीला दोन पिल्लं आहेत. पंधरा तारखेला गावात वनाधिकाऱ्यांसमोर सभा आहे. वाघिणीच्या विष्ठेत माणसाचा केस निघाला तर ती मरणार, नाही निघाला तर जगणार. आमचा निष्कर्ष मी मांडायचा, असं ठरलं आहे. मांडेनच! संतापालाच पुरावा समजणाऱ्या गर्दीपुढे मी काही पहिल्यांदा उभी राहत नाही.

६ मे

काम किळसवाणं आहे. पण किळस ही भित्रेपणाचीच सभ्य बहीण, असं मी आजवर अनेक व्यासपीठांवरून सांगितलं आहे.

विष्ठा उन्हात वाळवायची, मग भिजवायची, मग नायलॉनच्या पायमोज्यात भरून हातपंपाखाली चोळत राहायची. हिरवट-काळं पाणी बोटांमधून गळतं. वास सडक्या मांसाचा नाही, त्याच्या पुढचा आहे. गोडसर. जिभेच्या मुळाशी चिकटून बसणारा. शेवटी गाळणीत उरतात केस, हाडांचा चुरा, कधी एखादा खूर. मांस पचतं, केस पचत नाही. या शास्त्राची सगळी भिस्त त्यावर. सूक्ष्मदर्शकाखाली चितळाचा केस वेगळा दिसतो, डुकराचा वेगळा. आजवर तेवढेच मिळालेत, आणि वाघिणीनं स्वतःला चाटताना गिळलेले तिचे स्वतःचे.

दुपारी मथुराबाईचा नवरा आला. बळीराम. "जय भीम, बेटा," म्हणाला आणि उन्हातच बसला. वाघिणीला शिव्या घालील म्हणून मी तयारीत होते. त्यानं घातल्या नाहीत. म्हणाला, "मले वाघाशी काही घेनं नाही. तुमच्या त्या मोज्यात माह्या मथुरीचं काही निंगालं, तं मले देजा. जाळाले काही तं पायजे ना." तोवर मयताच्या पुण्यानुमोदनाचा विधी कशावर करू, असं त्याचं म्हणणं.

मी त्याला समजावलं. विधी जिवंतांच्या समाधानासाठी असतो, मेलेल्याला शरीराची गरज नसते, आपण तरी विवेकानं वागायला हवं. चांगली बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. उठताना उत्तमसिंगांना म्हणाला, "आपल्या समाजाची पोरगी हाय. खोटं बोलनार नाही."

९ मे

आज जे केलं ते इथे लिहिते, कारण मला त्याची लाज वाटत नाही.

उत्तमसिंग सकाळी नाल्याकाठची विष्ठा माझ्या हवाली करून वनाधिकाऱ्यांना आणायला गेले. नेहमीपेक्षा जड होती. मोजा पिळताना आत काहीतरी सरकलं, गांडुळांचा गोळा सरकावा तसं. उलटा केला तर केस. लांब, काळे, एकमेकांत गुंतलेले. सूक्ष्मदर्शकाची गरजच नव्हती. बोटभर जाडीचा बुचका, आणि त्यातल्या एका टोकाला त्वचेचा पांढरट तुकडा, भिजलेल्या पापडासारखा.

जीप फाटकातून आत शिरली. कपड्यांना ना खिसा होता, ना अंगावर ओढणी. माझे हात कोपरापर्यंत घाणीत, चारी बाजूंनी लख्ख ऊन.

मी तो बुचका तोंडात घातला. पंपाचं पाणी घेऊन गिळला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, काही निघालं का. मी मान हलवली. नाही.

मेलेल्या बाईला वाचवता येत नाही, जिवंत वाघिणीला येतं. पुढची सगळी रानं ज्या जिवावर उभी आहेत तो एका केसापायी संपवायचा? हे मी कुठल्याही सभेत छातीठोकपणे सांगेन. कुठल्याही सभेत, बळीराम नसेल अशा.

१० मे

घशात टोचतं आहे. तोंडाला तोच गोडसर वास. पाच वेळा चुळा भरल्या, मीठ लावून जीभ घासली. रक्त आलं, वास गेला नाही.

११ मे

जेवताना भाकरीच्या घासात केस. रुपीबाईवर ओरडले, फार ओरडले. तिनं तो चिमटीत धरून उजेडात पाहिला. "माह्या डोक्यावर पांढरे हायेत, बाई. तुमचे तं पोरावानी कापेल हायेत." मग केस नाकाशी नेला आणि तिचा चेहराच बदलला. मोहाच्या बियांचं तेल, म्हणाली. हे आता कोण लावतं? मथुरा लावायची.

तो भाकरीत नव्हता. माझ्या तोंडातून भाकरीला लागला होता.

१२ मे

काल रात्री आरशात घसा पाहिला. पडजिभेमागे एक काळं टोक. चिमट्यानं धरून ओढलं. आलं. येतच राहिलं. वीतभर, हातभर, पोटात खोल कुठेतरी ओढ बसते आणि ओकारी येते. कापलं. सकाळी पुन्हा टोक, जाडसर. पोटात केसांचा गोळा होऊ शकतो, वैद्यकात त्याला नाव आहे. पण एकदा गिळलेला केस वाढत नाही. वाढू शकत नाही.

उत्तमसिंग म्हणतात ऊन लागलं, यवतमाळला दवाखान्यात जाऊ. कशी जाऊ? डॉक्टर नळी घालणार, आणि जे बाहेर काढणार तो पुरावा. सभेपर्यंत कळ काढायची. उत्तमसिंगांना काहीच माहीत नाही. आनंदात आहेत. तुमच्यासारखं कोणी बोलत नाही, ताई, म्हणतात.

१३ मे

भाषणाची तयारी. सगळं बोलता येतं. जंगल, पाणी, पिल्लं, कायदा, सगळं. एकच वाक्य नाही. "या वाघिणीनं मथुराबाईला" — एवढ्यावर घशातलं सळसळत वर येतं आणि जिभेला वेढा घालतं. सात वेळा. सातही वेळा तिथेच.

दातांच्या फटींत केस. शौचाला केस. मोजा पिळावा तशी मी —

बळीरामला सांगून टाकावं? सांगितलं तर वाघीण मरते. आणि मी खोटारडी ठरते, तीही त्याच्यापुढे.

१४ मे

तो आला. भर दुपारी. तोंडाला टॉवेल धरून मी दारात उभी. उद्या सभा हाय, म्हणाला, तं इचारून घेतो, शेवटचं, काही निंगालं का?

मान हलवली. नाही.

नाही म्हटलं आणि पोटात कोणी तरी कूस बदलली.

तो टॉवेलकडे पाहत होता. खालून लोंबत होतं. मी आत ओढून घेतलं — शेवयांसारखं — त्याच्यासमोर — आणि तो मागे फिरला. मोहाखाली जाऊन बसला. अजून बसला आहे.

१५ मे

जबडा उघडत नाही. दात केसांनी शिवले गेलेत. बाहेर उत्तमसिंग जीपचा हॉर्न वाजवताहेत, लोक जमलेत म्हणे.

बळीराम आत आलाय. मी लिहून दाखवलं, मला माफ करा. वाचता येतं त्याला. वाचलं. मग फार हळू म्हणाला, "तू नको बोलू, बेटा. तिले येऊ दे."

माझ्या ओठांतून टोक शोधून काढलं. ओढतो आहे, घाई न करता, बायकोची वेणी सोडवावी तसा. मांडीवर पांढरं धोतर पसरलंय, त्यावर घडी घालत ठेवतोय. वास. देवा, हा वास — कोणता देव, मी कधी —

अजून येतंय. हातभर. आणखी हातभर. मथुरे, म्हणतोय, ये व, हळू ये, जागा कर पोरीच्या गळ्याले —

आता केस संपले. केसांच्या मागे काहीतरी गोल आहे. छातीत वर सरकतंय. गळ्याशी — मावणार नाही, मी त्याला लिहून सांगते आहे, मावणार नाही, थांबा — तो पाहत नाही कागदाकडे — तिचं कपाळ माझ्या जिभेला