म्हशींचा चौक आणि उरलेले बावीस तास

मंगळवार, जेवणाआधी

देवापुढे बसलो, पण जप तीनदा चुकला. मन चौकातच.

नव्या विकास आराखड्यात आमच्या बावडा भागातला चौक 'मोकळी जागा' आहे. शेजारच्या बारा मजली इमारतीच्या गाड्या तिथे लागणार. पाहणी दुपारी झाली असावी. दुपारी तिथे कुणीच नसतं. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर मारुती गवळी चार म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकांसमोर धार काढतो. त्याचं घर त्यावर चालतं.

आम्ही चौकाभोवतीच्या घरमालकांनी हरकत घेतली म्हणून नगररचनेच्या मॅडम आज सहाला आल्या. गर्दी बघून विचारलं, "आणि उरलेले बावीस तास?"

खरंच, बावीस तास! आपल्याला हे कसं सुचलं नाही?

मारुती धार न थांबवता म्हणाला, "गाड्या लावा की. नवी माणसं येणार, त्यास्नीबी दूध लागणारच. माझ्या टायमाला तेवढ्या काढा. आन् मॅडम, जरा बाजूला व्हा, लाथ मारंल ही."

मॅडम हसल्या. "हे उद्या लेखी आणून द्या."

"माझं घर न्हाय हितं," मारुती म्हणाला. "दादा, तुमीच सही करा."

घरी येऊन त्याचं म्हणणं लिहिलं, खाली सही केली. आता कागद समोर आहे. म्हणणं त्याचं, पोट त्याचं, सही माझी. हरकत घ्यायला घर लागतं असं मॅडम कुठे म्हणाल्या? आम्ही तरी त्याला कधी विचारलं?

कागद पुन्हा लिहून काढला. पहिल्या सहीची जागा मारुतीसाठी सोडली आहे. सकाळची धार झाली की त्याला गाडीवर मॅडमच्या कचेरीत घेऊन जातो.