मागून येणारी हाक

आप्पा,

नाशिक रोडला पहिल्या पाळीला चाललोय, तुम्हाला उठवलं नाही. पोळ्या डब्यात आहेत. कालच्यासारख्या तशाच ठेवू नका, खा.

सीडी प्लेअरला जोडायला मी घरी बनवलेल्या कन्व्हर्टरचा आवाज फार बारीक येत होता. तो वाढवायला नवे ट्रान्सफॉर्मर परवडेनात, म्हणून भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून माइकच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन जोड्या आणल्या. आत्ता बसवलीय ती जोडी आवाज जास्त उचलते. त्यामुळे घरी रेकॉर्ड केलेल्या तुमच्या पेटीच्या सीडीत मागे स्वयंपाकघरातून आई हाक मारते, तेही आता ऐकू येतं. ‘अहो, ऐकलं का?’ पुन्हा पुन्हा. तुम्ही आपले वाजवतच राहिलात.

काल संध्याकाळी ती सीडी चालू होती, मी दारात होतो. ‘आलो, आलो’ म्हणत तुम्ही उठलात, स्वयंपाकघरात दिवा लावलात आणि तिथेच उभे राहिलात. आईला जाऊन दोन वर्षं झाली, आप्पा.

दुसरी जोडी टेबलावर आहे. तिच्यात नुसती पेटी ऐकू येते, आई नाही. म्हणाल तर आल्यावर ती बसवतो.

पण मला विचाराल तर आहे तीच राहू द्या. काल तुमच्या आधी मीच ओ देणार होतो.

हर्षल