दोन बोटं जादा

दि. ४ फेब्रुवारी

चि. ढब्बूस ताईचे अनेक आशीर्वाद.

पन्नाशीच्या माणसाला ढब्बू म्हणू नये, असं तुझी बायको मागे म्हणाली. तिला सांग, मी तुला दुपट्यात गुंडाळलेला पाहिलाय, तेव्हा नाव तेच राहील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं लाव.

मुद्द्याचं सांगते. मला मोटरसायकल घ्यायची आहे. हसून झालं की पुढे वाच.

वळणावर गाडी घसरून पाय मोडला त्याला आता आठेक वर्षं झाली. हाड जुळलं, सळई निघाली, डॉक्टर म्हणाले पळा. पळत नाही, पण दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभी असते, म्हणजे पाय काही कामातून गेलेला नाही. पूर्वी कपड्यांचे गठ्ठे मागे बांधून मीच घरोघर पोचवायची. आता टेम्पोवाला नेतो आणि दर खेपेला एखाद्या शर्टाची घडी मोडून ठेवतो. पण ते सगळं निमित्त. मला गाडी चालवायची आहे, बस.

जुन्या गाडीवर पुढे वाकून बसायची, तशी आता पाठ वाकत नाही. मला ती लांबलचक हवी, पाय पुढे टाकून बसायची. क्रूझर म्हणतात ना, ती. तुझ्याकडे आहे आणि तिच्यावर तू न विचारता तासभर बोलतोस, म्हणून तुला विचारते. शोरूममध्ये दोन पाहिल्या. एक काळी, म्हशीएवढी, सुरू केली की आपल्या छातीत धडधडतं. दुसरी तपकिरी, बुटकी. तिथल्या टायवाल्यानं मला पाहिल्याबरोबर बुटकीकडे नेलं. म्हणाला, मावशी, ही लेडीजना बरी पडते. तिथल्या तिथे मी ठरवलं, काळीच घ्यायची.

तुझ्या दाजींना सांगितलं. ते कोटाच्या बाहीला टाके घालत होते. वर न बघता 'बरं' म्हणाले. इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाचं 'बरं' म्हणजे होय की नाही ते मला अजून कळलेलं नाही. मग उठले आणि पॅंटचं घेतात तसं माझ्या पायाचं आतून माप घेतलं. ते आणि काळीच्या सीटची उंची, दोन्ही सोबतच्या चिठ्ठीवर आहे. जुळवून सांग, पाय टेकतील का.

उत्तर लवकर दे आणि एका पानात दे. लोभ सढळ हातानं कर, सल्ला मोजून दे.

ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस ढब्बूचा सा. न.

पत्र पोचलं. हसून झालं, ठसका लागला, पाणी पिऊन झालं, आता लिहितो.

माझ्या चष्म्याच्या दुकानात लोक येतात, ते आधी फ्रेम पसंत करतात आणि मग म्हणतात, आता डोळे तपासा. तुझं तसंच चाललंय. गाडी आवाजावर घ्यायची नसते. सवय सुटलेल्या माणसाला गाडी दगा देते ती थांबताना. चालताना मोठी गाडी आपल्याला पेलते, सिग्नलला आपण तिला पेलावं लागतं. दोन्ही तळवे सपाट टेकले पाहिजेत आणि एकटीला ढकलून मागे घेता आली पाहिजे. हे नाही जमलं, तर गाडी कितीही देखणी असो, आपली नाही.

हे सगळं तुला काळीपासून परावृत्त करायला लिहिणार होतो. पण चिठ्ठी पाहिली. दाजींच्या मापाप्रमाणे तुझे पाय काळीवरही आरामात टेकतात, वर थोडे उरतात. शिंप्याच्या टेपेपुढे माझं काय चालणार? हरकत नाही, असं नाइलाजानं लिहितो. तरी बुटकीवर एकदा बसून बघ. टायवाल्याचा राग गाडीवर काढू नकोस. लहानपणी माझ्यापुढची दुधाची वाटी मोठी दिसली म्हणून तू ओढून घेतलीस आणि संपेना तेव्हा गुपचूप मांजराला पाजलीस. मांजर विसरलं असेल, मी नाही.

माझी बायको म्हणते, ढब्बू चालेल. तीही आता तेच म्हणायला लागली आहे. झालं समाधान?

दाजींना नमस्कार. तुझा लोभ नेहमीप्रमाणे टपलीसकट मिळत राहो.

तुझा ढब्बू


दि. १७ फेब्रुवारी

चि. ढब्बू,

आशीर्वाद आहेत, पण आज थोडे कमी.

काळीवर बसले. स्टँडवर तिरकी होती तोवर राणीसारखी बसले होते. टायवाला म्हणाला, मावशी, आता सरळ करा. सरळ केली तर टाचा हवेत! नुसते चवडे टेकलेले. गाडी कलली, तिच्याबरोबर मी. टायवाल्यानं हँडल धरलं, दाजींनी मला धरलं आणि मी काय धरलं, तर टायवाल्याचा टाय. गाडीला ओरखडा नाही, मला खरचटलं नाही, त्याचा गळा तेवढा लालबुंद झाला. सगळं शोरूम तमाशा बघत होतं.

घरी येऊन टेप हिसकावली आणि माझा पाय मीच मोजला. दोन बोटं कमी! विचारलं तर म्हणतात, मी कुणाचंच माप नेमकं धरत नाही, दुमडीसाठी दोन बोटं जादाच धरतो, हाताला सवय झाली आहे. अरे, गाडीला काय दुमड घालायची होती? कापड कमी पडलं तर जोड देता येतो, पाय कुठून जोडू? मी म्हटलं, मुद्दाम केलंत, माझी फजिती व्हावी म्हणून. तेव्हापासून घरात शिलाई मशीनच काय ते बोलतं.

आणि खरं सांगू? गाडी कलली तेव्हा मला ते जुनं वळण दिसलं. ती खडी, आणि तिच्यावरून घसरत जाणारी मी. हात अजून थरथरतात. काल एका कॉलरवर इस्त्री टेकून राहिली आणि डाग पडला. माझ्या हातून, ढब्बू! गाडीबिडी काही नको. टेम्पोवाला आहे तो बरा. तूही पुन्हा विषय काढायचा नाही.

माया असू दे. गाड्यांचे फोटो धाडू नकोस.

ताई


दि. १९ फेब्रुवारी

श्री. ढब्बूशेठ यांस स. न. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही हे आपणास ठाऊक आहे. माप मी मुद्दाम चुकवलं असं आपली ताई म्हणते. मुद्दाम नाही. पण ती गाडी नको म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं, हे खरं. ते बरं वाटणं एक दिवस टिकलं.

आता ती कुणाला रागावत नाही. काल टेम्पोवाल्यानं घडी मोडली, तरी गप्प. अशी बाई माझ्या सवयीची नाही. हॉस्पिटलात तिच्या उशाशी मीच बसलो होतो, त्यामुळे पुन्हा चालव, असं माझ्या तोंडून निघत नाही. आपण लिहावं. मी लिहिल्याचं कळू देऊ नये. बुटक्या गाडीच्या सीटला मी स्वतः जाऊन टेप लावून आलो आहे. काही जादा धरलेलं नाही.

थोडक्यात लिहिलं, गोड मानून घ्यावं.

आपला दाजी


दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

विषय काढू नकोस म्हणालीस, म्हणून काढतो.

चूक माझीही आहे. क्रूझरची सीट रुंद असते, पाय फाकवून बसलं की तो आखूड पडतो. हे माहीत असून मी टेपेवर विसंबलो. म्हणजे दाजींची दोन बोटं आणि माझं एक. आता टेप नको, चिठ्ठी नको. बुटकीवर जाऊन बस, टाचा टेक आणि घरी ये. घेऊ नकोस, नुसती बस.

जड गाडीवाला तो शूर, असं कुठे लिहून ठेवलंय? माझं धूड गेल्या वर्षी गल्लीत वळवताना आडवं झालं. दूधवाल्यानं आणि त्याच्या सासूनं मिळून उचललं. सासू सत्तरीची. बायकोला यातलं काही माहीत नाही आणि तुझ्या पोटात राहील अशी आशा आहे.

हात थरथरतात म्हणतेस. थरथरू देत. घाबरलेला माणूस वळणावर हळू जातो, आणि तुझ्याबाबतीत आम्हाला एवढंच हवं आहे. दाजींशी बोल. तुझी बोलणी खाल्ल्याशिवाय त्यांना जेवण जात नसेल.

लोभ आहे तसाच सरळ उभा राहो.

ढब्बू


दि. १६ मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद, या खेपेला पुरते.

दूधवाल्याच्या सासूला माझा नमस्कार सांग. तुझ्या बायकोला मी काही सांगितलेलं नाही, अजून. आणि तुला कुणी लिहायला लावलं तेही विचारत नाही.

बुटकी घेतली. बसले तर दोन्ही टाचा जमिनीला, वर गुडघे थोडे वाकलेले, पाठ ताठ. इतकी बरी वाटली की रागच आला. टायवाला मला पाहून दोन पावलं मागे सरला. त्याला म्हटलं, लेडीजना बरी असं म्हणत जाऊ नकोस, आखूड पायांना बरी म्हण, पुरुषही रांग लावतील. तो हसला, पण एका हातानं टाय धरूनच.

आधी मैदानात नुसती थांबायला शिकले. सुरू कर, थांब. सुरू कर, थांब. क्लचनं बोटं आखडली. मग गठ्ठे न्यायला लागले. टेम्पोवाला म्हणाला, मावशी, माझं कसं व्हायचं? म्हटलं, तू चादरी ने, त्यांची घडी मोडली तर कुणाला कळत नाही.

ते वळण मात्र टाळत होते. आमच्या दुकानापासून लांब नाही, पण अलीकडच्याच गल्लीत शिरून वळसा घालून जायची. काल ती गल्ली पाण्याच्या पाइपासाठी खणून ठेवलेली. दुसरी वाट नाही. खडी कधीच गेली, आता तिथे गुळगुळीत डांबर आहे. तरी मी थांबले. तळवे सपाट टेकलेले, गाडी तसूभर हलत नव्हती आणि मीही. मागून लोक भोंगे वाजवत होते. माझं तोंड तुला माहीत आहे, पण एकालाही उलटून बोलले नाही.

तेवढ्यात बाजूला येऊन कुणी उभं राहिलं. तुझे दाजी. पायी, घामाघूम, चष्मा कपाळावर, दुकान तसंच उघडं टाकून. मी विचारलं, इथे कसे? तर म्हणाले, रोजच येतो. मी निघाले की मागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत चालत यायचे आणि मी आत वळले की परत फिरायचे. इतके दिवस! आणि मी म्हणत होते, यांच्या शिलाया अलीकडे वेळेवर का होत नाहीत.

मी म्हटलं, माझ्याच्यानं व्हायचं नाही, गाडी फिरवते. त्यांनी मागचा गठ्ठा सोडून उचलला, चढून बसले आणि तो मांडीवर घेतला. मी पडले तेव्हापासून ते कुणाच्याच मागे बसलेले नाहीत, ठाऊक आहे ना तुला? आता भररस्त्यात नवऱ्याला मागे घेऊन बाई किती वेळ उभी राहणार? गिअर टाकला. गोगलगाय पुढे गेली असती, इतकी हळू गेले. आणि वळण केवढं रे ते, एवढंसं! संपलंसुद्धा.

पलीकडे गेल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, काय माहीत, मी डोळे मिटून घेतले होते.

मी उघडे ठेवले होते. दोघांपैकी एकानं तरी ठेवायला नकोत का?

कळावे. आमची आठवण काढत जा, हसत काढलीस तरी चालेल.

ताई