जिन्यातला डबा

प्रिय अहो,

तो रविवार आठवतो का? तुम्ही गच्चीवरच्या खोलीत फोन कानाला लावून बसलेले, मी खाली दिवाणखान्यात इंटरकॉमचं बटण दाबून उभी. तुम्ही विचारलंत, "ऐकू येतंय का?" आणि मी फोनमध्ये बोलायचं सोडून जिन्याकडे तोंड करून ओरडले, "येतंय!" किती हसला होतात!

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पानं उठली, भटजी गेले, आणि त्यानंतर जे मला कळलं ते तुम्हाला विचारल्याशिवाय राहवेना. म्हणून हे पत्र.

भावोजींनी सिंगापूरहून आणलेला तो बिनवायरचा फोन जयनगरच्या आपल्या घराच्या जाड स्लॅबपुढे हरायचा. गच्चीवर नुसती खरखर. मग तुम्ही माझा शंकरपाळ्यांचा पत्र्याचा डबा घेतलात, त्यात काय काय जोडलंत आणि जिन्याच्या वळणावर खिळ्याला टांगलात. रिपीटर म्हणालात त्याला. खालचं ऐकतो आणि तेच जोरात पुढे सांगतो. मी म्हटलं, "म्हणजे शेजारणीसारखा!" ते तुम्हाला इतकं आवडलं की आल्यागेल्याला सांगत सुटलात.

हे सगळं माझ्यासाठी आहे, असं म्हणाला होतात. मी वर कपडे वाळत घालत असताना पुण्याहून लेकीचा, नंदिनीचा फोन आला तर मला धावत खाली यायला नको. माझे गुडघे दुखतात ना! मला केवढं कौतुक वाटलं होतं तुमचं.

मग संध्याकाळी तुम्हीच वर जाऊन बोलू लागलात. जुन्या ऑफिसातली माणसं, म्हणायचात. मी कधी विचारलं नाही. दोघं बोलत असताना तिसऱ्याने कान देऊ नये, हे शाळेत सिस्टरांनी आमच्या अंगी इतकं मुरवलं होतं की तुम्ही फोन घेऊन वर निघालात की मी मागच्या अंगणात तुळशीपाशी जाऊन उभी राहायची.

काल शेजारच्या सुभद्रक्का भांडी आवरायला थांबल्या होत्या. सार चाखून म्हणाल्या, "आज मीठ घातलंत, बरं केलंत. त्या शेवटच्या वर्षी तुमच्या यजमानांसाठी मी अळणीच सार पाठवायचे बघा."

मी विचारलं, अळणी का?

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरांनी मीठ वर्ज केलं होतं की, अक्का. आमच्या रेडिओत यायचं सगळं. भजनं संपली, काटा स्वल्प सरकला की तुमच्या यजमानांचा आवाज, डॉक्टरांशी बोलताना."

तुमच्या डब्याने आवाज गच्चीपर्यंत नेला आणि पुढे भिंतीपलीकडेही नेला. इतकी वर्षं कारखान्यात यंत्रं बसवलीत, आणि हे तुमच्या लक्षात आलं नाही?

हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते, तुम्ही नको म्हणत होता. हे सगळं सुभद्रक्कांनी मला सांगितलं, माझ्याच स्वयंपाकघरात. "हिला कळू देऊ नका, ती रडेल ते मला बघवणार नाही," हे तुमचं वाक्यसुद्धा.

रडले असते हो! मग डोळे पुसून तुमच्याशी भांडले असते, ऑपरेशनला नेलं असतं. ते भांडण माझ्या हक्काचं होतं. तुम्ही ते का घेतलंत माझ्याकडून?

आणि मीठ! "खारट झालंय, तुझ्या हाताला आता मीठ कळेनासं झालं," असं जेवताना म्हणायचात. मी चमच्याने मोजून घालू लागले, तरी तुमचं तेच. वय झालं आपलं, असं वाटून मी किती खट्टू व्हायची. अळणी वाढ, एवढं म्हणायला काय हरकत होती?

आता सगळं उलगडतं. सुभद्रक्कांचे यजमान, अण्णा, न सांगता येऊन आपला गॅसचा सिलिंडर आत ठेवायचे. कोपऱ्यावरचा दुकानदार तुम्हाला पिशवी उचलू द्यायचा नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. "तुम्हालाही ठाऊक असेल, पण दाखवत नाहीत, असंच वाटलं," सुभद्रक्का म्हणाल्या. "केवढा धीर बाईचा, म्हणायचो आम्ही." त्या वर्षी मी काय करत होते? तुळशीपाशी उभी राहून तुमचं बोलणं संपायची वाट बघत होते.

रागावले आहे. पण राग कुणापुढे काढू? तुमच्या खोलीत जाऊन बसते, तर खुर्चीला अजून तुमचाच वास येतो.

आज खोली आवरायला घेतली आहे. घड्याळ नंदिनीला. करडा स्वेटर अण्णांना. त्यांनी तो कमावला आहे. तारा जोडायचं सोल्डरिंगचं हत्यार आणि मीटर भावोजींना, त्यांना कळतं त्यातलं. सुभद्रक्कांना चांदीची वाटी देणार आहे. अळणी सार त्यांनी वर्षभर केलं, ते खरं तर मी करायचं होतं.

फोन दिवाणखान्यातच राहील. मलाही कधी डॉक्टर काहीबाही सांगतील. ते नंदिनीला आधी माझ्या तोंडून कळेल, आणि ती रडली तर रडू देईन. हा शब्द तुम्हाला देते.

डबा कुणालाच देणार नाही. तो माझा होता. आतलं सगळं काढलं, चिंचेने घासला, उन्हात ठेवला आहे.

तुमची,
मालती